लस फुकट होती, तरी ब्रिटनमधल्या काही समाजांनी ती उशिरा का घेतली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये करोनाची लस सगळ्यांना मोफत मिळाली, आरोग्यसेवा सरकारी, लोक शिकलेले. तरी तिथल्या कृष्णवर्णीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी समाजांत लसीकरण कमी झालं, आणि करोनानं मरण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं. मग याला अज्ञान म्हणायचं की धर्माचा पगडा? आणि आपल्याकडे आदिवासी पाड्यांत किंवा मुस्लिम मोहल्ल्यांत जे दिसलं, ते हेच का?

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करतो. लसीकरणाच्या काळात रोजचं काम तेच होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अज्ञानाचं उत्तर आधी बाजूला ठेवू, कारण इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या सरकारी रुग्णालयांतला हिशेब त्याला पुरून उरतो. २०२१च्या फेब्रुवारीपर्यंत कुणी लस घेतली, हे तिथल्या संशोधकांनी १९ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून तपासलं. लस कामाच्या जागीच मिळत होती, भाड्याचा किंवा रजेचा प्रश्न नव्हता. गोऱ्या कर्मचाऱ्यांपैकी जवळपास ७१ टक्क्यांनी ती घेतली होती, दक्षिण आशियाई वंशाच्या कर्मचाऱ्यांपैकी ५८.५ टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीयांपैकी फक्त ३७ टक्क्यांनी. हा रुग्णालयातलाच नोकरवर्ग आहे. करोना कसा मारतो हे त्यांनी टीव्हीवर नाही, वॉर्डात पाहिलं होतं. त्यांना ‘माहिती’ देऊन काय सांगणार?

आता देशभराचं चित्र. ८ डिसेंबर २०२० रोजी कॉव्हेंट्रीत मार्गारेट कीनन या नव्वदीच्या बाईंना पहिली लस टोचली गेली, आणि टोचणारी नर्स मे पार्सन्स मूळची फिलिपिन्सची होती. इथली आरोग्यसेवा कुणाच्या खांद्यावर उभी आहे, ते त्या एका फोटोत दिसतं. तीन महिन्यांनी, ११ मार्च २०२१ पर्यंतचा सत्तरीपुढच्या लोकांचा हिशेब राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं प्रसिद्ध केला. गोऱ्या ब्रिटिशांत ९१.३ टक्के लोकांना पहिली मात्रा मिळालेली. आफ्रिकी कृष्णवर्णीयांत ५८.८, कॅरिबियन कृष्णवर्णीयांत ६८.७, बांगलादेशींत ७२.७, पाकिस्तानींत ७४ टक्के. भारतीय वंशाचे लोक ८६च्या आसपास.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ‘आशियाई’ म्हणून जी एक मोठी टोपली केली जाते, तिच्या आतच बारा-तेरा टक्क्यांचा फरक आहे. लेस्टरमध्ये शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहणारे गुजराती आणि बांगलादेशी एकाच रकान्यात टाकले, तर दोघांबद्दलही चुकीचंच काहीतरी कळतं. इथली मराठी माणसंही ‘भारतीय’ या रकान्यात जातात. त्यात डॉक्टर आणि आयटीवाले येतात, तसे कपड्यांच्या वर्कशॉपमध्ये राबणारेही येतात. दुसरं म्हणजे उत्पन्न, वस्ती, शिक्षण, आधीचे आजार हे सगळं हिशेबात धरल्यावर दरी अरुंद झाली, पण मिटली नाही. उरलेली दरी गरिबीनं समजावता येत नाही. ती कशानं समजते, हाच खरा प्रश्न.

त्याआधी मृत्यूंबद्दल. ब्रिटनमधल्या दुसऱ्या लाटेत बांगलादेशी वंशाच्या पुरुषांचा करोनानं मरण्याचा दर, वयाचा फरक काढून टाकल्यावर, गोऱ्या ब्रिटिश पुरुषांच्या पाचपट होता. बायकांत चौपटीहून अधिक. ही दरी लसीमुळे पडलेली नाही, लस तर लाट अर्ध्यावर आल्यावर आली. टॅक्सी, बस, हॉटेलचं स्वयंपाकघर, वृद्धाश्रमातली सेवा ही कामं घरून होत नाहीत. एका घरात आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं आणि संडास एकच. बाप टॅक्सी चालवून घरी आला की आजार थेट आजीपर्यंत.

आणि लस कुणाला आधी? सरकारच्या लसविषयक सल्लागार समितीनं क्रम वयावर लावला: वृद्धाश्रमातले रहिवासी आणि कर्मचारी, ऐंशीपुढचे आणि आघाडीवरचे आरोग्य कर्मचारी, मग पंचाहत्तरीचे, सत्तरीचे, असं खाली येत पन्नाशीपर्यंत. मृत्यूचा सगळ्यात मोठा धोका वयाचाच होता, शिवाय वंशावर क्रम लावला असता तर ‘आमच्यावर प्रयोग आधी’ ही ओरड दुसऱ्या दिवशी झाली असती. म्हणून तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण त्याचा परिणाम असा झाला की, ज्या समाजांची लोकसंख्या तरुण आहे त्यांच्या वाट्याला सुरुवातीला डोस कमी आले. पंचेचाळिशीचा बांगलादेशी बसचालक रोज शेकडो लोकांत वावरून, मधुमेह घेऊन, आजारी आईकडे परत येत होता, पण यादीत तो गावाबाहेर घरून काम करणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या बराच खाली होता. समितीनं स्थानिक पातळीवर लवचिकता ठेवा असंही सांगितलं होतं. ती लवचिकता जमिनीवर उतरायला मात्र बरेच आठवडे गेले.

आता विश्वासाचा मुद्दा. यावर वर्तमानपत्रांनी ‘अफवा’ म्हणून हात झटकले. अफवा होत्याच. चिप बसवतात, मूल होत नाही, डीएनए बदलतो, हे सगळं व्हॉट्सॲपवर फिरत होतं. पण माझ्यासमोर बसलेले लोक बहुतेकदा ज्या गोष्टी सांगत, त्या खऱ्या असत.

एक नायजेरियन बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, ही फायझरची ना? कानोवाली फायझर?” १९९६ साली नायजेरियातल्या कानो शहरात मेंदूज्वराची साथ असताना या कंपनीनं ट्रोव्हान या नव्या प्रतिजैविकाची चाचणी सुमारे २०० मुलांवर घेतली. ११ मुलं दगावली. पालकांची संमती नीट घेतली नाही, असा आरोप झाला. औषधामुळे मुलं गेली, हे कंपनीनं मान्य केलं नाही, पण २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. ही बातमी त्या बाईंच्या माहेरच्या गप्पांत आहे, पुस्तकात नाही. तिला मी ‘गैरसमज’ म्हणालो असतो, तर संभाषण तिथंच संपलं असतं.

एप्रिल २०२० मध्ये फ्रान्समधल्या एका टीव्ही चर्चेत दोन डॉक्टरांनी क्षयाच्या बीसीजी लशीची करोनासाठीची चाचणी आफ्रिकेत घ्यावी का, असं बोलून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी त्यावर कडक शब्दांत टीका केली. पण ती क्लिप आफ्रिकी कुटुंबांच्या फोनवर पोहोचायची ती पोहोचलीच. लस यायच्या आठ महिने आधी तिच्याबद्दलचं मत तयार झालं होतं.

आणि इथला, रोजचा अनुभव वेगळाच. ब्रिटनमध्ये बाळंतपणाच्या काळात कृष्णवर्णीय बाईचा मृत्यू होण्याची शक्यता गोऱ्या बाईच्या चौपट होती. कळा असह्य झाल्या तरी ‘या बायका सोसतात’ असं धरून चालणारे लोक आमच्या व्यवसायात आहेत, हे प्रत्येक कृष्णवर्णीय आईला ठाऊक असतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आठवतंय? दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी ते घेतलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास आला: काळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन असतो त्याहून जास्त दाखवतं, आणि रक्तातला ऑक्सिजन घसरल्याचं कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा निसटतं. ज्यांचं आजारपण यंत्रालाही नीट दिसत नाही, त्यांना ‘यंत्रणेवर विश्वास ठेवा’ असं सांगायला आपण निघालो होतो.

कॅरिबियन लोकांचा राग आणखी ताजा होता. महायुद्धानंतर ब्रिटननंच बोलावलेली ही माणसं पन्नास-पन्नास वर्षं इथं राहून, कर भरून, म्हातारी झाली होती. २०१८ मध्ये उघड झालं की कागद नाहीत म्हणून गृहखात्यानं त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या घालवल्या, काहींना देशाबाहेर काढलं. एकाला कर्करोगाचे उपचार हवे असतील तर आधी ५४ हजार पौंड भरा, असं सांगितलं गेलं. त्यानंतर तीनच वर्षांनी त्याच सरकारचं पत्र: या, दंड पुढे करा.

कागदांची ही भीती लशीलाही नडली. जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा लागत नाही, असा आरोग्यसेवेचा नियम आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं मुद्दाम जाहीरही केलं की लशीसाठी कुणाचे कागद तपासले जाणार नाहीत. पण कित्येक दवाखान्यांच्या खिडकीवर पासपोर्ट आणि वीजबिल मागण्याची सवय जुनी होती. शिवाय ज्याचं नाव कुठल्याच जीपीकडे नाही, त्याला बोलावणं जाणार तरी कसं? आकडेवारीत हा माणूस ‘लस न घेतलेला’ दिसतो, किंवा दिसतच नाही.

धर्माचा भाग लोकांना वाटतो त्याहून छोटा होता, आणि बराचसा सुटण्यासारखा. मुस्लिम कुटुंबांची पहिली शंका डुकराच्या जिलेटिनची. ही शंका आकाशातून पडलेली नाही. इथं शाळकरी मुलांना नाकात फवारायची फ्लूची लस देतात, आणि तिच्यात ते जिलेटिन खरोखर असतं. दरवर्षी शाळेतून फॉर्म येतो आणि आई-बाप त्यावर नकार लिहून पाठवतात. मग करोनाच्या लशीबद्दल तोच प्रश्न विचारणं हा शहाणपणाच झाला. फायझर, ॲस्ट्राझेनेका, मॉडर्ना, तिन्हींत ते नव्हतं. हे मी सांगण्यापेक्षा ब्रिटिश मुस्लिम डॉक्टरांच्या संघटनेनं सांगितलं, आणि बर्मिंगहॅमच्या बॉल्सल हीथमधल्या अल-अब्बास केंद्रासारख्या मशिदीत जानेवारी २०२१ मध्येच लसीकरण सुरू झालं, त्याचा उपयोग जास्त झाला. १३ एप्रिलला रमजान लागला तेव्हा इंजेक्शननं रोजा मोडत नाही हे इमामांनीच सांगितलं, आणि काही केंद्रं इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं, ती. लस न घेतलेले बहुतेक लोक ‘नाही’ म्हणत नव्हते, ‘थांबून बघू’ म्हणत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये, लस यायच्या आधी, एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत ७२ टक्के कृष्णवर्णीयांनी ती घेण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत, वेगळ्या प्रश्नावर, साशंक कृष्णवर्णीयांचं प्रमाण ४४ टक्के निघालं. उन्हाळ्यापर्यंत ते निम्म्यावर आलं. माणसांचा स्वभाव सहा महिन्यांत असा बदलत नाही. शेजारच्याला टोचून काही झालं नाही, मावशी ठणठणीत आहे, आपल्याच बोलीतली नर्स म्हणाली की तिनं घेतली, एवढं बघायला त्यांना वेळ हवा होता. दुर्दैव असं की त्या वर्षी वेळ हीच सर्वात महाग गोष्ट होती. जानेवारीतला आणि मेमधला डोस यांच्यामध्ये अर्धी लाट होती.

मग दरी कशानं हलली? सरकारनं पत्रकं छापली, बंगालीतही छापली. पण इथले बहुतेक बांगलादेशी सिल्हेटी बोलतात, आणि त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांपैकी कित्येकींना कुठलीच लिपी वाचता येत नाही. नामवंत आशियाई चेहऱ्यांचा एकत्र व्हिडिओ आला. मार्चअखेर लेनी हेन्री या विनोदी नटानं कृष्णवर्णीयांना खुलं पत्र लिहिलं, मोठमोठ्या लोकांनी त्यावर सह्या केल्या. माझ्या मते याचा परिणाम थोडाच. चेहरे ओळखीचे होते, पण प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला ते समोर नव्हते.

उपयोग झाला तो कंटाळवाण्या कामाचा. आमच्या दवाखान्यात आम्ही बोलावूनही न आलेल्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावले. पहिला फोन रिसेप्शनवरच्या मुलीचा, जिला त्यांची बोली येते आणि जिच्याकडे ते एरवीही औषधाच्या चिठ्ठीसाठी वाद घालतात. मग गरज पडली तर माझा. फोनवर ‘लस घ्या’ म्हणायचं नाही. ‘काय ऐकलंय?’ असं विचारायचं आणि गप्प बसायचं. बाई सांगायच्या की सून गरोदर आहे, नवऱ्याला ॲस्ट्राझेनेका दिलीत तर रक्ताची गाठ होईल ना, त्या अमक्या मोठ्या केंद्रावर जायला दोन बस बदलाव्या लागतात. निम्म्या फोनमध्ये अडचण लशीची नव्हतीच, बसची होती किंवा सुटीच्या दिवसाची होती. वृद्धाश्रमात एजन्सीमार्फत काम करणाऱ्या बाईला ताप आला तर दोन दिवसांचा पगार जातो. लशीनंतर ताप येऊ शकतो, हे आपणच तिला सांगितलेलं असतं.

मे २०२१ मध्ये करोनाचा डेल्टा हा प्रकार इंग्लंडमधल्या बोल्टन शहरात पसरला. आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की तिथं रुग्णालयात आलेल्यांपैकी बहुतेकांना लस घेता येत होती, पण त्यांनी ती घेतली नव्हती. वाक्य खरं होतं, पण त्यातला दोषारोप लोकांना लागला. मग रमवर्थसारख्या दक्षिण आशियाई वस्तीत लशीची बस नेऊन उभी केली, वेळ ठरवायची अट ठेवली नाही, आणि लांबच लांब रांगा लागल्या. त्याच वस्तीत, त्याच लोकांच्या.

ॲस्ट्राझेनेकाचा विषय निघालाच आहे तर पुण्याचं नाव घ्यायला हवं. मार्च २०२१ मध्ये सीरमनं बनवलेले ५० लाख डोस ब्रिटनला आले, इथल्या लोकांना टोचले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटिश सरकार भारतात कोव्हिशील्ड घेतलेल्या प्रवाशांना लस घेतलेले मानायला तयार नव्हतं. आधी लस मान्य केली, मग प्रमाणपत्रावर अडलं, आणि ११ ऑक्टोबरला कुठे गाडी रुळावर आली. इथल्या भारतीयांनी ते हसण्यावारी नेलं, पण मनात नोंद झाली. दरम्यान रक्ताच्या गाठींच्या दुर्मिळ धोक्यामुळे एप्रिलमध्ये तिशीखालच्यांना आणि मेमध्ये चाळिशीखालच्यांना दुसरी लस द्यावी असा सल्ला आला. शास्त्रीयदृष्ट्या योग्यच. पण तरुण समाजांची पाळी येण्याच्या सुमारासच हे घडलं, आणि ‘थांबून बघू’ म्हणणाऱ्यांना वाटलं, थांबलो ते बरं झालं.

सक्तीचा प्रयोगही झाला. ११ नोव्हेंबर २०२१ पासून इंग्लंडच्या वृद्धाश्रमांत लस नसलेल्याला काम बंद. सरकारी रुग्णालयांतही एप्रिल २०२२ पासून तेच होणार होतं, पण जानेवारीअखेर सरकारनं माघार घेतली. वृद्धाश्रमांत तोपर्यंत लोक नोकऱ्या सोडून गेले होते. सक्तीनं काही जणांनी लस घेतली हे खरं, पण ज्यांचा आक्षेपच ‘आम्हाला विचारत कोण?’ हा होता, त्यांना उत्तर मिळालं ते असं.

शेवटी, आपल्याकडचे आदिवासी पाडे आणि मुस्लिम मोहल्ले यांच्याशी केलेल्या तुलनेबद्दल. साम्य आहे. नंदुरबारमध्ये गाड्या पाड्यांपर्यंत न्याव्या लागल्या आणि बोलीत बोलणारी माणसं बरोबर घ्यावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांसाठी सलमान खानची मदत घेऊ असं जाहीर केलं. लेनी हेन्रीच्या पत्राबद्दल माझं जे मत, तेच याबद्दल. ‘हर घर दस्तक’ या घरोघरच्या लसमोहिमेत आशाताई दार वाजवत होत्या, ते मला जास्त कामाचं वाटतं.

मोठा फरक मोजणीत आहे. ब्रिटनमध्ये जीपीच्या नोंदींत वंश लिहिलेला असतो, म्हणून दरी काही आठवड्यांत दिसली, त्यावर भांडता आलं, पैसा मागता आला. कोविनवर वय, लिंग, ओळखपत्र होतं. जात, जमात, धर्म नव्हता. त्यामुळे आपल्याला जिल्हा दिसला, समाज दिसला नाही. धुळ्यातली भिल्ल वस्ती आणि शेजारचं बागायतदार गाव एकाच टक्केवारीत गेलं. अशी नोंद ठेवण्याचे धोकेही आहेत, यादी चुकीच्या हातात पडली तर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरी निदान गाव-पाड्याच्या पातळीवरचा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागायला काहीच हरकत नव्हती.

आणि ब्रिटननं हे सगळं शिकून घेतलं, असं समजू नका. जानेवारी २०२१ मध्ये ६० नगरपालिका आणि संस्थांना मिळून दोन कोटी पौंडांहून थोडा अधिक निधी मिळाला होता, वस्तीतल्याच लोकांना या कामावर घेण्यासाठी. तो ठरावीक मुदतीचा होता. फोन करणाऱ्या कित्येक मुलींचं कंत्राट संपलं आणि त्या सुपरमार्केटच्या गल्ल्यावर परत गेल्या. बूस्टरची वेळ आली तेव्हा निमंत्रणं पुन्हा मोबाइलवर मेसेजनं गेली, आणि कृष्णवर्णीय, पाकिस्तानी, बांगलादेशी समाजांचे आकडे पुन्हा मागे पडले.